ट्रॅक्टर थांबतो, पेटी थांबत नाही

(उमापूर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांसाठी रेडिओवरून झालेलं भाषण)



घट बसायला थोडेच दिवस राहिले. आज उमापुरातून येताना बघितलं, हापशावर, विहिरीच्या कडंला, दारातल्या दगडावर गोधड्याच गोधड्या. नवरात्राचं धुणं एकदा उरकलं की दसरा, आणि दसरा झाला की आपल्या गेवराई तालुक्यातल्या निम्म्या गावांच्या दारात ट्रॅक्टर उभे राहतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडं. म्हणून आजचा विषय जायच्या आधीच घेतला. विषय आहे गतीचे नियम. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. तुम्हाला ते नियम येतात, फक्त त्यांचं नाव कुणी सांगितलेलं नाही.

वाळलेली गोधडी दोरीवर टाकून तुम्ही काठीनं दोन तडाखे हाणता. धूळ उडते. आपण म्हणतो, काठीनं धूळ काढली. खरं तर काठी लागते गोधडीला. गोधडी झटकन मागं सरकते आणि धूळ होती तिथंच राहते. तिच्या पाठीमागचा आधार गेला, म्हणून ती खाली पडते. आता सूप घ्या. बाजरी पाखडताना सूप वर उचलता उचलता तुमचा हात झटक्यानं थांबतो. सूप थांबलं, पण दाणे थांबत नाहीत, ते तसेच वर उडतात. गोधडीत धूळ हलायला तयार नव्हती, सुपात दाणे थांबायला तयार नाहीत. दोन्ही एकाच स्वभावाच्या गोष्टी. जी वस्तू जागेवर आहे ती जागेवरच राहते, जी चालती आहे ती त्याच वेगानं, त्याच सरळ दिशेनं चालत राहते, जोवर बाहेरून कुणी तिला ढकलत, ओढत किंवा अडवत नाही. या स्वभावाला जडत्व म्हणतात. गतीचा पहिला नियम तो हाच.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगते.

मी सात-आठ वर्षांची होते. आई-दादा कोयत्याला निघाले होते आणि मी त्यांच्यासोबत. ट्रॉलीत चार बिऱ्हाडं. खाली सरपण, भांडी, पीठ-मीठ, वर गोधड्यांची गाठोडी, सगळ्यांच्या वर आम्ही पोरं. आमची पत्र्याची पेटी मागच्या बाजूला मोकळीच ठेवलेली. पेटीत जोंधळे, पाटा-वरवंटा आणि दोन कोयते. आई पुढच्या फाळक्याला पाय लावून बसलेली. पहाटे कुठंतरी रस्त्यात वासरू आडवं आलं. चालकानं ब्रेक मारला. ट्रॅक्टर थांबला, ट्रॉली थांबली, पेटी थांबली नाही. ती ट्रॉलीभर घसरत आली आणि आईचा पाय फाळका आणि पेटी यांच्या मध्ये चेपला. पायाची हाडं मोडली. त्या वर्षी आमचा अर्धाच कोयता चालला, आणि अंगावर घेतलेली उचल मात्र पूर्ण कोयत्याची होती. ती फेडायला पुढची दोन वर्षं गेली.

सगळे म्हणाले, नशीब. आजी म्हणाली, नजर लागली. पुढं मी नववीत गेले आणि विज्ञानाच्या तासाला बाईंनी बसचं उदाहरण दिलं की बसनं ब्रेक मारला म्हणजे उभा माणूस पुढं का जातो. मला बस दिसलीच नाही. मला पेटी दिसली.

ज्यांनी हे नियम मांडले ते आयझॅक न्यूटन इंग्लंडचे. त्यांचं पुस्तक 1687 साली छापलं गेलं. त्यांच्या आईची इच्छा होती की पोरानं घरची शेती बघावी, पण शेतीत त्यांचं मन रमलं नाही. 1665 साली तिकडं प्लेगची साथ आली, विद्यापीठ बंद पडलं, तेव्हा न्यूटन गावाकडं आईच्या घरी येऊन राहिले आणि पुढच्या कामातलं बरंचसं डोक्यात तिथंच सुरू झालं. आपण कोरोनात जसे घरी बसलो तसंच. अर्थात आपल्याला तेव्हा घरात बसूनही भाकरीच थापायच्या होत्या.

तर ट्रॉली. ट्रॉली ताशी वीस किलोमीटरनं चालली असेल तर ट्रॉलीतली प्रत्येक वस्तू, प्रत्येक माणूसही ताशी वीसनंच चाललेला असतो. आपण बसून आहोत असं वाटतं, पण आपण चाललोय. ब्रेक फक्त चाकाला लागतो. तुम्हाला अडवायला काहीतरी लागेल, फाळका, दुसरीचा खांदा, नाहीतर रस्ता. वळणावरही तेच. ट्रॉली डावीकडं वळते, तुमचं अंग सरळ जायला बघतं, म्हणून तुम्ही उजव्या बाजूला फेकल्या जाता. गाठोड्यांवर उंच बसलेलं पोर तर थेट बाहेर.

वीसचा वेग म्हणजे काय, ते डोळ्यापुढं आणायची एक सोपी रीत आहे. या वेगानं जाऊन कशावर तरी आदळणं म्हणजे साधारण पाच फुटांवरून पडणं. आपल्या घराच्या ओट्यावरून नव्हे, तर बैलाच्या वशिंडाएवढ्या उंचीवरून. आता रिकामा ट्रॅक्टर रात्री मोकळ्या रस्त्यावर चाळीसनं पळतो. तुम्हाला वाटेल वेग दुप्पट, म्हणून दहा फूट. नाही, वीस फूट. दोन मजली वाड्याच्या माळवदावरून पडल्यासारखं. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही चौपट होतं. मुकादमाला किंवा चालकाला “जरा हळू घे” म्हणताना आपण घाबरट ठरतो. ठरू द्या. वीस आणि चाळीसमध्ये वीसचा फरक नाही, हे त्याला सांगा.

दुसरा नियम जोराचा, म्हणजे बलाचा. जड वस्तूला हलवायला किंवा थांबवायला जास्त बल लागतं हे कुणाला सांगायला नको. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, किती वेळात थांबवायचं. विहिरीवरून वर आलेली भरली घागर हळू ठेवली तर ठीक, एकदम टेकवली तर फुटते. घागर तीच, वजन तेच. थांबायला मिळालेला वेळ कमी झाला म्हणून बल वाढलं. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो ते यासाठीच. गोधडीवर पडलं तर लागत नाही आणि फरशीवर पडलं तर लागतं, त्याचंही कारण हेच. गोधडी दबते आणि थांबायला वेळ देते.

आणि आता लेकराचं. सगळ्या आयांना वाटतं, मी घट्ट धरलंय, माझ्या हातातून ते सुटणार नाही. मीही माझ्या मुलीला असंच धरून बसायचे. हिशेब करून बघू. लेकरू दहा किलोचं. ट्रॉली ताशी वीसनं चालली आहे आणि समोर धडक बसून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी ते लेकरू तुमच्या हातांना पन्नास किलोहून जास्त ओढतं. एक भरलं पोतं. अचानक पुढं झेपावणारं पोतं आपण दोन हातांवर धरू शकतो का? आईच्या मायेत कमी नाही, हातात तेवढं बल नाही. शिवाय तुमचं स्वतःचं अंगही पुढं जात असतं, आणि लेकरू तुमच्या आणि फाळक्याच्या मध्ये सापडतं.

मग काय करायचं? पहिली गोष्ट, ट्रॉली माल वाहायला आहे, माणसं बसवायला तिला कायद्याची परवानगी नाही. उचल ठरवतानाच मुकादमाशी बोलणं करा की सामान ट्रॉलीत जाईल, बाया-लेकरं जीपनं किंवा एसटीनं येतील, आणि भाडं कुणी द्यायचं तेही तिथंच ठरवा. एकटी म्हणाल तर ऐकणार नाही. टोळीतल्या सगळ्या बाया मिळून म्हणाल तर काही ठिकाणी ऐकलेलं मी बघितलं आहे.

पण तीनशेहून जास्त किलोमीटरची वाट, आणि पुष्कळ जणी ट्रॉलीतूनच जाणार हे मला माहीत आहे. तेव्हा सामान भरताना डोकं चालवा. पेट्या, पाटे, जात्याचे दगड, धान्याची पोती हे सगळं जड सामान सगळ्यात आधी, तळाला आणि पुढच्या फाळक्याला अगदी चिकटवून. मध्ये फट ठेवू नका. आमची पेटी फाळक्याला चिकटलेली असती तर तिला पळायला जागाच मिळाली नसती. त्यावरून कासरा टाकून दोन्ही बाजूंच्या कड्यांना आवळून बांधा. कोयते पोत्यात गुंडाळून तळाशी. मग त्या जड सामानाला लागून गोधड्यांची गाठोडी. आणि मग माणसं, तळावर, गाठोड्यांना पाठ टेकून, तोंड मागच्या रस्त्याकडं करून. विचित्र वाटतं खरं, कारण सगळ्यांना पुढं बघायची हौस. पण ब्रेक लागला की अंग पुढं जातं, आणि पुढं म्हणजे तुमच्या पाठीमागं गोधड्या आहेत. सगळी पाठ एकदम टेकलेली, आणि गोधडी दबून वेळ देणारी. लेकरू आपल्या पुढ्यात, तेही तसंच पाठ टेकून. सामानाच्या ढिगावर कुणी बसायचं नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नाही, ट्रॉलीच्या दांडीवर तर मुळीच नाही. तिथून घसरलेला माणूस सरळ चाकाखाली जातो.

आणखी एक, पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक ट्रॅक्टरला, आणि मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर दोनेक टनांचा, मागचा ऊस त्याच्या कितीतरी पट. ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि उसाचं जडत्व त्याला पुढं रेटतं. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते, तिरकी होते, आडवी पडते. चढावर क्लच एकदम सोडला तर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं. म्हणून भरल्या उसावर बसून कारखान्यावर जायचं नाही. “एक खेप तर आहे” म्हणत बसलेल्या किती जणींना मी ओळखते.

आता फडात येऊ. जिथं ट्रकमध्ये डोक्यावरून ऊस भरायचा असतो तिथं फळी लावलेली असते. डोक्यावर तीस-पस्तीस किलोची मोळी, पहाटेचं दव, चिखलाचे पाय आणि फळी. इथं तिसरा नियम कामाला येतो. आपण चालतो कसं? आपण पायानं जमिनीला मागं ढकलतो आणि जमीन आपल्याला तेवढ्याच जोरानं पुढं ढकलते. प्रत्येक बलाला तेवढंच उलट बल असतं, हा तो नियम. चिखलात पाय का घसरतो? जमिनीला मागं ढकलायला पकड लागते, ती पकड म्हणजे घर्षण. घर्षण नसेल तर ढकलणं नाही, आणि ढकलणं नाही तर चालणंही नाही. बैलाच्या खुराला पत्री मारतात ती मुख्यतः खूर झिजू नये म्हणून. बैलाला पत्री आहे आणि आपल्या पायात झिजलेली स्लीपर.

फळी चढताना वजनाचा काही भाग आपल्याला खाली ओढत असतो. किती, ते मोजायला सोपं आहे, ट्रकच्या तळाची उंची भागिले फळीची लांबी. समजा तुमचं वजन पन्नास आणि मोळी पस्तीस, मिळून पंच्याऐंशी किलो. तळ साडेचार फूट उंच आणि फळी नऊ फुटांची. म्हणजे निम्मं. बेचाळीस किलोहून जास्त ओढ तुम्हाला खाली नेत असते आणि तेवढी पकड तळपायाला द्यावी लागते. फळी साडेतेरा फुटांची असेल तर तिसरा हिस्सा, अठ्ठावीस किलोच. मोळी तीच, ट्रक तोच, फक्त फळी साडेचार फुटांनी लांब. लांब फळी मध्ये लवते हे खरं, तिच्या मधोमध खाली ठोकळ्याचा टेका द्यावा लागतो. आणि ट्रक भरत गेला की उंची वाढते, तेव्हा शेवटच्या खेपा सगळ्यात धोक्याच्या, नेमक्या त्याच वेळी अंगातलं बळ संपलेलं. फळीवर हात-हात अंतरानं आडव्या पट्ट्या ठोकून घ्या, म्हणजे पाय अडतो. पट्ट्या नसतील तर पोतं ताणून बांधा, सैल नको, सैल पोतं पायासकट सरकतं. कडंला थोडी कोरडी माती ठेवा आणि चढायच्या आधी तळपाय तिच्यावर घासा.

मोळी लहान की मोठी, यावर फडात वाद होतो. गडीमाणसं म्हणतात, लहान मोळ्या केल्या तर खेपा वाढतात. खोटं नाही ते. प्रत्येक खेपेला ऊस वर जातो आणि आपलं पन्नास किलोचं अंगही वर जातं, तेव्हा खेपा वाढल्या तर एकूण श्रम वाढतात. पण मानेच्या मणक्याला एकूण श्रम कळत नाहीत, त्या एका घटकेला वर किती भार आहे तेवढंच कळतं. पाठीचं आणि पोटाचं दुखणं ज्यांना आहे, ज्या बाळंतीण आहेत किंवा पोटुशी आहेत, त्यांच्यापुरता तरी हा वाद मिटवा आणि मोळी लहान बांधा. मी तर म्हणेन त्यांनी फळी चढूच नये, मोळ्या बांधाव्यात.

उचलायची रीतही आहे. पाण्याची बादली छातीशी धरून बघा, मग हात लांब करून धरून बघा. वजन तेच, पण लांब धरली की दोन मिनिटांत खांदा भरून येतो. वजन अंगापासून जितकं लांब, तितका कमरेवर ताण जास्त. तेव्हा मोळीजवळ जाऊन, गुडघ्यात वाकून, अंगाला लावून उचला आणि दुसरीला हात लावायला बोलवा. चुंबळ चांगली जाड करा. डोक्यावर मोळी घेतल्यावर हिसका देऊन वळू नका. मोळीचंही जडत्व असतं. तुम्ही वळता, ती वळत नाही, आणि मधला सगळा पीळ मानेला बसतो. पायानं हळू गोल वळा. ट्रकात मोळी टाकतानाही आधी पाय स्थिर करा. मोळी पुढं ढकलली की ती तुम्हाला मागं ढकलते, तिसरा नियम तिथंही सोडत नाही.

ज्या बैलगाडीवर आहेत त्यांच्यासाठी एकच गोष्ट, बाकी बैलाचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फडात गाडी रुतली की सगळे मागून रेटतात. एकदा चाकाला वरच्या बाजूनं, पुढच्या दिशेनं रेटून बघा. चाक जमिनीला टेकलेलं असतं तिथून ते फिरतं, आणि वरचा काठ तिथून सगळ्यात लांब. मागून गाडी ढकलायला जेवढं बल लागेल त्याच्या जवळजवळ निम्म्यात काम होतं. पदर मात्र आधी कमरेला घट्ट खोचा आणि चाक फिरायला लागलं की हात काढा. आणि जागची गाडी हलवायला जास्त जोर लागतो, चालती ठेवायला कमी, म्हणून अर्ध्यात थांबून पुन्हा ओढण्यापेक्षा एकदा हलली की कोरड्यापर्यंत नेऊनच थांबवा.

आईला मी हे सगळं कधीतरी समजावून सांगितलं होतं, पेटी का आली ते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “कासरा होता की गं. पेटीतच ठेवला होता, पावसानं भिजू नये म्हणून.”

या आठवड्यात गटाची बैठक असेल तिथं एक करून बघा. ताटात भरला तांब्या ठेवा, ताट दोघींनी धरून चालत जा आणि एकदम थांबा. पाणी कुठल्या बाजूला सांडतं ते पोरांना आधी ओळखायला सांगा. मग ताट हळूहळू थांबवा. मग तांब्या ताटाच्या पुढच्या काठाला टेकवून पुन्हा करा. आणि टोळीच्या मुकादमाकडं फळी असेल तर निघायच्या आधीच ती मोजून घ्या, टेप नसेल तर वितीनं. पुढच्या भागात रहाट, कप्पी आणि मोटारीच्या पंपाचं बघू. तोवर रामराम.